घरच्या लेथवर काय काय करायचं: ओळंब्यापासून शेवेच्या चकतीपर्यंत

लेथ, म्हणजे लोखंड फिरवत ठेवून टूलने कापायची मशीन, घरी आली की पहिले पंधरा दिवस माणूस नुसते लोखंडाचे तुकडे गोल करत बसतो, मीही तेच केलं. अमळनेर तालुक्यात आमचं घर, मागे पत्र्याचं शेड, त्यात साडेचार फुटी बेडची जुनी कोन पुलीवाली (पट्टा सरकवून स्पीड बदलायची) लेथ आणून टाकली, एक एचपीची सिंगल फेज मोटर लावली आणि चकाकणारे दांडके करून खिडकीत ओळीने मांडले. वडिलांनी ते बघितले आणि म्हणाले, "भंगारमा पैसा कसाले घालस रे?" त्यांचं चुकीचं नव्हतं, त्या दांडक्यांचा कोणालाच उपयोग नव्हता.

मग भुसावळला रेल्वेतून टर्नर म्हणून रिटायर झालेले एक नाना आहेत, त्यांच्याकडे जायला लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भो, जॉब एकदा का चकमधून सुटला का तो परत तसाच बसत नाही. काढायच्या आधी विचार कर, अजून काय काय ह्याच पकडीत होईल." जॉब म्हणजे कापायचा तुकडा आणि चक म्हणजे तो पकडून फिरवणारा भाग. खाली जे जे प्रोजेक्ट दिलेत ते सगळे ह्याच एका गोष्टीभोवती फिरतात. जुन्या थ्री-जॉ (तीन जबड्यांच्या) चकमध्ये जॉब काढून परत बांधला की सहज ०.१ मिमी इकडेतिकडे होतो, चक जास्त घासलेला असेल तर त्याहून जास्त, म्हणून ज्या दोन गोष्टी एकमेकांशी सेंटरमध्ये हव्यात त्या एकाच पकडीत मारायच्या. आणि प्रोजेक्ट असा निवडायचा की घरात, गल्लीत किंवा शिवारात त्याची कोणीतरी वाट बघतंय.

आधी लाइटचं आणि गमछाचं बोलू

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि कट चालू असताना गेली तर टूल जॉबमध्ये रुतून बसतं. अशा वेळी आधी स्विच बंद, मग क्रॉस स्लाइड (टूल जॉबच्या जवळ-लांब नेणारी सरक) मागे, मग फीडचा (टूल आपोआप पुढे सरकवणारा) दांडा न्यूट्रलला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेथला साधा खटक्याचा स्विच ठेवू नका, पुशबटनवाला स्टार्टर बसवा, म्हणजे लाइट गेली की तो पडतो आणि परत बटन दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. विहिरीच्या मोटरला आपण जो ऑटो स्विच लावतो, लाइट आली की मोटर आपोआप चालू, तो लेथला चुकूनही नको. मी एका शेडमध्ये तो लावलेला बघितलाय, अंगावर काटा आला.

दुसरं म्हणजे उन्हाळ्यात गळ्यात गमछा असतो, तो लेथपाशी येताना खुंटीला. लांब बाह्या, अंगठी, हातातला दोरा, हातमोजे काहीच नको. चकची चावी चकमध्ये सोडून हात काढायचा नाही, चावी हातात असेपर्यंतच चकमध्ये. लांब दोरीसारखी चिप (कापलेल्या लोखंडाची साल) निघाली तर हाताने ओढू नका, एका सळईला वाकवून आकडा करा आणि त्याने ओढा. चष्मा तर पाहिजेच, पितळेचे बारीक कण सुईसारखे उडतात.

अजून एक आपल्या भागातली गोष्ट. मे महिन्यात शेडमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि टर्न केलेला (बाहेरून कापून गोल केलेला) जॉब त्याच्याही वर तापलेला असतो. ५० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब ४० अंशांनी जास्त गरम असेल तर तो साधारण ०.०४५ मिमी मोठा दिसतो, पितळ जरा कमी, स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या निम्मं. म्हणजे गरम जॉब मापात आणला की थंड झाल्यावर तो बारीक निघतो. शेवटचा कट मारायच्या आधी पंधरा मिनिटं चहा प्या आणि जॉब मशीनवरच थंड होऊ द्या.

लोखंड कुठून आणायचं

शिकायला एमएसचा (साध्या मऊ स्टीलचा) ब्राइट बार सगळ्यात बरा, वरून गुळगुळीत असतो आणि मापात असतो. भंगारातून आणायचं तर जुन्या मोटरचे शाफ्ट मस्त, बहुतेक ईएन-८ सारखं मध्यम कार्बनचं स्टील असतं आणि फिनिश एमएसपेक्षा छान येतं. बांधकामाची सळई मात्र घेऊ नका, वरची साल कडक आणि आतलं मऊ, टूलची वाट लागते. बेअरिंगची रिंग, शॉकॲब्सॉर्बरचा क्रोम रॉड हे पण सुरुवातीला नको. भंगारवाल्याकडे जाताना खिशात एक जुनी कानस ठेवा, तुकड्यावर मारा, कानस घसरली तर तुकडा तिथेच ठेवा, कानस लागली तर घ्या.

स्पीडचं गणित सोपं आहे. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने एमएसला मिनिटाला २५ मीटर धरा, पितळेला ६०, बिडाला १८-२०. त्या आकड्याला ३२० ने गुणा आणि जॉबच्या मिमीमधल्या व्यासाने भागा, आरपीएम मिळतात. २५ मिमीचा एमएस बार म्हणजे ३२० आरपीएम. कोन पुलीवर नेमका आकडा मिळत नाही, जवळचा खालचा घ्या. विडिया (कार्बाइड) टूल लावलं तर ह्याच्या तिप्पट-चौपट चालतं पण घरच्या एक एचपीच्या मशीनवर आणि आपल्या कमी व्होल्टेजमध्ये तेवढी ताकदच नसते, म्हणून मी अजून एचएसएसच वापरतो आणि बेंच ग्राइंडरवर धार लावतो.

पहिलं काम लेथचंच: सेंटर हाइट गेज

टूलचं टोक जॉबच्या मध्यरेषेवर नसेल तर फेसिंग मारताना (तोंड सपाट कापताना) मधोमध बारीक बोंडी राहते. दरवेळी टूलखाली पत्र्याचे तुकडे सरकवत अंदाज घेण्यापेक्षा एक छोटा खांब करून ठेवा. चकमध्ये एक तुकडा बांधून बरोबर २० मिमी टर्न करा, मग व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी त्या बारच्या खालच्या कडेपासून क्रॉस स्लाइडच्या सपाट पाठीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात १० मिळवा, ही तुमची सेंटर हाइट. आता २५ मिमीच्या बारचा त्या लांबीचा तुकडा घ्या, दोन्ही बाजूंनी फेसिंग मारून त्या मापात आणा, आणि बुडाच्या बाजूला मधला भाग अर्धा मिमी खोल घ्या म्हणजे खांब डुगडुगणार नाही. टूल बांधताना टोक खांबाच्या माथ्याला लावून बघायचं, झालं. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि रोज लागतं.

ओळंबा

हा माझा सगळ्यात आवडता जॉब, कारण दिसायला सोपा आणि करायला गेलं की सगळं शिकवतो. शेजारी घराचं काम चालू होतं, मिस्तरींचा ओळंबा हरवला, मी फुशारकीने म्हटलं मी करून देतो. पितळेचा बार घेतला, टोक काढलं, बाहेरून टर्न केलं, मग उलटा बांधून वरून दोरीचं भोक मारलं. दिसायला देवळातल्या कळसासारखा. मिस्तरींनी दोरी बांधली, पीळ देऊन सोडली आणि मला खाली बसून बघायला सांगितलं. टोक जागेवर फिरत नव्हतं, हवेत छोटा गोल काढत होतं. भोक सेंटरपासून पाव मिमी बाजूला गेलं होतं, पकड बदलली त्याचा परिणाम. मिस्तरी काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं.

बरोबर पद्धत अशी. ४० मिमीचा पितळेचा किंवा एमएसचा बार घ्या. तयार ओळंबा ३८ मिमी व्यासाचा, १० मिमी सरळ भाग आणि पुढे ५० मिमीचा कोन असा धरा, पितळेत वजन साधारण अडीचशे ग्रॅम भरतं, एमएसमध्ये थोडं कमी. बार चकमध्ये बांधा, फेसिंग मारा, सेंटर ड्रिलने खूण करा, ८.५ मिमीचं ड्रिल २२ मिमी खोल मारा. पितळेत ड्रिल एकदम आत खेचलं जातं, कधी जॉब फिरतो कधी ड्रिल तुटतं, म्हणून ड्रिलच्या दोन्ही धारांवर पुढून तेलदगड मारून बारीकसा सपाट पट्टा करून घ्या, मग ते खेचत नाही. तोंडाशी २ मिमी खोलीपर्यंत भोक १०.५ करा आणि एम-१० चा (१० मिमी आट्यांचा) टॅप, म्हणजे आतून आटे पाडायचं हत्यार, मारा. टॅप हाताने फिरवायचा, मशीन बंद ठेवून, आणि मागून टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या सरकत्या ठोकळ्याच्या) सेंटरने आधार द्यायचा म्हणजे आटे सरळ पडतात. पितळेत तेल नाही लावलं तरी चालतं, एमएसमध्ये कटिंग ऑइल लावा. आता ६५ मिमीवर बार कापून घ्या, हॅक्सॉने कापला तरी चालेल.

इथून खरी गंमत आहे. हा तुकडा चकमध्ये उलटा बांधायचाच नाही. त्याऐवजी २० मिमीचा एमएसचा तुकडा चकमध्ये बांधा, पुढचा १५ मिमी भाग ९.८५ ला टर्न करा, खांद्याशी छोटी खाच घ्या, खांदा फेसिंग मारून साफ करा आणि तिथेच एम-१० चे आटे पाडा. लीड स्क्रूवर (लेथच्या लांब आट्याच्या दांड्यावर) आटे पाडता येत असतील तर उत्तम, नाहीतर डाय (बाहेरून आटे पाडायचं हत्यार) टेलस्टॉकच्या पुढच्या सपाट भागाने दाबून धरून हाताने फिरवा. ह्याला मँड्रेल म्हणा, आरबर म्हणा, काहीही म्हणा, ओळंबा पूर्ण होईपर्यंत तो चकमधून काढायचा नाही. आता पितळेचा तुकडा त्याच्यावर स्क्रू करून खांद्याला टेकवा. उजव्या आट्याचं असल्यामुळे कट मारताना तो आपोआप घट्टच होतो. आता टोकाची बाजू टेलस्टॉककडे आली, आणि बाहेरचा व्यास, कोन, टोक सगळं आट्यांशी सेंटरमध्ये येणार कारण सगळ्याची पकड एकच.

आधी बाहेरून ३८ मिमी करा. पितळेसाठी टूलच्या वरच्या बाजूला रेक (उतार) नको, सपाट ठेवा, नाहीतर टूल पण आत खेचलं जातं. मग कोन. अर्धा व्यास १९, लांबी ५०, म्हणजे कंपाउंड स्लाइड (टूलखालची, कोनात फिरवता येणारी छोटी सरक) साधारण २१ अंशाला फिरवायची. कोनाचा कट हाताने कंपाउंड फिरवून मारायचा, तिरकी लांबी सुमारे ५३ मिमी येते, छोट्या मशीनच्या कंपाउंडला तेवढी चाल नसेल तर दोन टप्प्यांत मारा, फक्त मध्ये कोन हलवू नका. एका दमात हात न थांबवता फिरवा, थांबला की तिथे रेघ उमटते. टोक सुईसारखं करायचा मोह होतो, करू नका, पहिल्यांदा खाली पडला की वाकतं, मिमीभराचं बोथट टोक ठेवा.

टोपण वेगळं करायचं. १६ मिमीचा पितळेचा तुकडा, पुढून एम-१० चे आटे, त्याच पकडीत आट्यांच्या तोंडातून २ मिमीचं भोक आणि त्याला दोरीची गाठ बसेल एवढा खड्डा, मग पार्टिंग टूलने कापून घ्या. त्याची वरची बाजू साफ करायला एक युक्ती आहे, ओळंबा झाल्यावर मँड्रेल काढून टाका, दुसऱ्या तुकड्यात एम-१० चं भोक करा आणि टोपण त्यात स्क्रू करून वरून फेसिंग मारा. नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी) पण तिथेच.

ओळंब्याबरोबर दोरीत ओवायचा ठोकळा लागतो, ज्याची रुंदी ओळंब्याच्या व्यासाएवढी असते, तो भिंतीला टेकवला की खाली ओळंबा भिंतीला जेमतेम लागला पाहिजे. खरं माप हेच आहे, बाकी सगळं शोभा. मी पहिला ठोकळा गोल केला, म्हटलं लेथ आहे तर गोलच करू, तो परांचीवरून घरंगळून वाळूत गेला. म्हणून चौकोनी करा. फोर-जॉ (चार जबडे वेगवेगळे हलणाऱ्या) चकमध्ये ठोकळा बांधून एकेक बाजू फेसिंग मारत ३८ मिमीवर आणा, गुण्या लावून काटकोन बघा, आणि शेवटी मध्यभाग डायलने (सुईच्या मापकाने) किंवा टेलस्टॉकच्या टोकाने जुळवून २.२ मिमीचं भोक मारा. फोर-जॉमध्ये मध्यभाग जुळवायला पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला, आता पाच मिनिटं लागतात. ओळंबा आणि ठोकळा दोन्ही थंड करून मायक्रोमीटरने मोजा, ०.०५ च्या आत फरक असेल तर बस.

दुसरा ओळंबा मिस्तरींना दिला तेव्हा त्यांनी परत पीळ देऊन सोडला, टोक जागेवरच गरगर फिरत राहिलं आणि ते म्हणाले, "हाई बेस शे," म्हणजे हे छान आहे.

भोवरा

ओळंबा जमला की भोवरा फुकटात जमतो, तीच पद्धत, फक्त अ‍ॅल्युमिनियम घ्या आणि टोकात आर म्हणून स्टीलची पिन ठोका. पिनचं भोक आणि बाहेरचा आकार एकाच पकडीत. अ‍ॅल्युमिनियम टूलला चिकटतं, पूर्वी लोक रॉकेल लावायचे, आता डिझेलचे चार थेंब लावले तरी फिनिश आरशासारखा येतो. गल्लीतल्या पोरांनी लाकडी भोवऱ्यांवर माझा भोवरा मारून दोन भोवरे फोडले, त्यामुळे आता फक्त आमच्या अंगणात खेळायची परवानगी आहे.

ड्रिपचा पंच

जळगाव जिल्ह्यात केळी म्हटली की ड्रिप आलंच, आणि कपाशीलाही आता सगळे ड्रिप टाकतात. १६ मिमीच्या लॅटरलला (ओळीतल्या पाइपला) ड्रिपर बसवायला भोक पाडायचा पंच प्लॅस्टिकचा मिळतो, तो एका सीझनमध्ये बोथट होतो किंवा बांधावर हरवतो, आणि मग लोक खिळा तापवून भोक पाडतात, ते कधी गोल येत नाही आणि गळतं.

ईएन-८ चा ८ मिमीचा तुकडा घ्या. तुमच्याकडच्या ड्रिपरची मान व्हर्नियरने मोजा, भोक तिच्यापेक्षा थोडं लहान हवं म्हणजे रबरासारखं घट्ट बसतं. समजा ३ मिमी भोक हवं. तुकडा चकमधून कमीत कमी बाहेर काढा, फेसिंग, सेंटर ड्रिल, मग २ मिमीचं ड्रिल ८ मिमी खोल. आधी आतलं भोक आणि मग बाहेरून ३ मिमीपर्यंत टर्निंग, हा क्रम उलटा केला तर ३ मिमीची काडी ड्रिलच्या दाबाने वाकते. बाहेरून टर्न करताना कट एकदम हलके, ०.१-०.२ चे, टूल धारदार. ३ मिमीचा भाग फक्त ५-६ मिमी लांब ठेवा आणि मागे जाड खांदा राहू द्या, म्हणजे कितीही जोरात दाबलं तरी पंच पाइपच्या पलीकडच्या भिंतीला भोक पाडू शकत नाही. विकतच्या काही पंचांना हा खांदाच नसतो, हे मला आजपर्यंत समजलं नाही. तोंडाची कड बाहेरून तिरकी घासून धार करा. शेवटी बाजूने कानशीने एक खाच मारून आतल्या भोकाला जोडा, कापलेली प्लॅस्टिकची टिकली तिथून बाहेर पडते.

मूठ २५ मिमीच्या अ‍ॅल्युमिनियमची, तळहातात बसेल अशी मागून गोल, नर्लिंग मारलेली, आत एम-६ आटे. पंचाच्या मागच्या टोकालाही एम-६ पाडा. पाणी देऊन कडक करायची गरज नाही, कापायचं प्लॅस्टिक आहे. मुठीला लाल रंग द्या, चिखलात पडला तरी दिसतो. मी पहिले पाच नुसते चकाचक केले होते, त्यातले तीन कपाशीत गेले.

कल्टिव्हेटरचा बुश

पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) घासून ढिल्ले झालेले नसतील असं एकही औजार आपल्या शिवारात सापडायचं नाही. पिन २५ ची आणि बुश बाहेरून ३५ चा असं धरून सांगतो. बिडाचा किंवा गनमेटलचा पोकळ बार मिळतो तो घ्या, बांधा, आतलं बोरिंग (भोक मापात मोठं करणं) आणि बाहेरचं टर्निंग एकाच पकडीत करा आणि मग पार्टिंग. बोरिंग बार जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नका, नाहीतर तो थरथरतो आणि आत लाटा उमटतात.

मापाचं असं आहे की बाहेरचा व्यास घरापेक्षा (बुश ज्या भोकात बसतो त्यापेक्षा) ०.०३ मिमीच्या आसपास मोठा ठेवला की बुश घट्ट बसतो, पण घट्ट बसताना तो आतूनही जवळपास तेवढाच आवळला जातो. हे मला माहीत नव्हतं, पहिल्या बुशात पिन बसवल्यानंतर हातोडीशिवाय निघेना. शिवाय शेतात धूळमाती जाणारच, कारखान्यातल्यासारखा नाजूक फिट तिथे जाम होतो. म्हणून आतून २५.१५ ठेवा, बसवल्यावर २५.१ च्या आसपास राहतो आणि ग्रीसला जागा मिळते. ग्रीसचं भोक आणि आतली खाच विसरू नका.

बुश ठोकून बसवला तर कड फुटते, म्हणून बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. इथे आपला उन्हाळा कामाला येतो. शेडमध्ये ४३ अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १५, म्हणजे ५८ अंशांचा फरक, त्यात ३५ मिमीचा गनमेटलचा बुश साधारण ०.०३५ मिमीने आक्रसतो. औजार उन्हात तापलेलं ठेवा, बुश फ्रीजरमधून कापडात गुंडाळून पळत आणा आणि अंगठ्याने ढकला, बसतो. दहा सेकंद उशीर झाला तर मात्र अर्ध्यात अडकतो. बुश पिशवीत घालून ठेवा, आमच्याकडे तो थेट बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवला होता आणि पाहुण्यांच्या सरबतात ग्रीसचा तवंग आला. त्यानंतर महिनाभर फ्रीजरला मला बंदी होती.

ब्रेकचे पार्ट, वजन उचलायचे हुक, मळणी यंत्राचे शाफ्ट असल्या कामांना मात्र कोणी कितीही गळ घातली तरी हात लावू नका, तुटलं तर माणूस जातो.

शेवेची चकती

शेवभाजीला जाड शेव लागते आणि सोऱ्याबरोबर येणाऱ्या चकत्या बारीकच असतात. आईने सोऱ्या माझ्यापुढे ठेवून सांगितलं, एवढी मोठी मशीन घेतली ना, मग हे कर. माझ्याकडे पितळ पडलेलं होतं, तेच वापरणार होतो, नानांनी अडवलं. टर्निंगसाठी जो पितळेचा बार मिळतो त्यात कटिंग सोपं व्हावं म्हणून शिसं घातलेलं असतं, तो खाण्याच्या वस्तूला चालत नाही. म्हणून एसएस ३०४ चा दीड-दोन मिमीचा पत्रा घ्या.

जुन्या चकतीचा व्यास मोजा, समजा ५० मिमी. पत्र्यातून ५४-५५ चा वेडावाकडा गोल कापा आणि मधोमध ५ मिमीचं भोक मारा. हे भोक वाया जात नाही, शेवेचं मधलं भोक तेच. चकमध्ये ४५ मिमीचा जाड तुकडा बांधा, फेसिंग मारा, मध्ये एम-५ आटे पाडा आणि पत्रा त्याच्यावर छोट्या वॉशरसकट स्क्रूने आवळा. आता बाहेरून हलके कट मारत ५० वर आणा. जास्त खोल कट घेतला तर पत्रा स्क्रूभोवती फिरतो, माझा फिरला. स्टेनलेसमध्ये टूल नुसतं घासू द्यायचं नाही, घासलं की वरचा थर कडक होतो आणि मग काहीच लागत नाही, स्पीड कमी आणि फीड एकसारखी.

माप आलं की चकती काढू नका. त्याच पकडीत टोकदार टूलने चकतीवर दोन वर्तुळं ओरखडा, एक ९ मिमी त्रिज्येचं, दुसरं १८ चं. मग काढा. आतल्या वर्तुळावर कर्कट ९ मिमीला लावून पावलं टाकत गेलं की बरोबर ६ खुणा येतात, शाळेत षटकोन काढायचो तसंच. बाहेरच्या वर्तुळावर कर्कट ९.३ ला लावून बघा, १२ खुणा येतील, थोडा फरक पडला तर वाटून घ्या. मधलं धरून १९ भोकं. प्रत्येक खुणेवर पंच हलकाच मारा, जोरात मारला तर स्टेनलेस तिथेच कडक होतं. आधी ३ मिमीचं ड्रिल, मग ५ चं, धार ताजी, तेल भरपूर, आणि ड्रिल एकदा लागलं की दाब सोडायचा नाही. पीठ जिकडून आत जातं त्या बाजूने भोकांच्या कडा मोठ्या ड्रिलने किंचित उघडा, दाबायला हलकं जातं. दुसऱ्या बाजूची बुरी बारीक पॉलिश पेपरने काढा, पेपर हाताने मारा, फिरत्या लेथवर बोटाला गुंडाळून नाही. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून चांगली उकळा, ऑइलचा वास गेला पाहिजे.

पहिल्या घाण्याला शेव करंगळीएवढी नाही पण पेन्सिलीएवढी आली, रश्श्यात टाकली तरी विरघळली नाही. आठवडाभरात गल्लीतल्या चार जणी आल्या, मी उत्साहात चौघींना ५० च्याच चकत्या करून दिल्या आणि त्यातल्या तीन परत आल्या, प्रत्येक सोऱ्याचं माप वेगळं. आता जी येईल तिला सांगतो, मावशी, आधी सोऱ्या आणा.